पाटीचा धंदा आणि छपाईचे यंत्र : आधी हिशेब, मग सौदा

दुकानांच्या पाट्या रंगविणे हा आपल्या अनेक कारीगरांचा पिढीजात हुनर. ब्रशनंतर फ्लेक्स आले, आता व्हिनाईलचे दिवस आहेत. अक्षर लिहिणारा हात संगणकावर बसला, पण छपाई मात्र तो बहुधा दुसऱ्याच्या यंत्रावर करून आणतो. तेव्हा स्वतःचे यंत्र असावे असे वाटणे साहजिक आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. परंतु यंत्रात भांडवल घालून कोण वर आला आणि कोण बसला, हे यंत्रमागाच्या बाजारात आम्ही जवळून पाहिले आहे. माग चालतो तोवर पोसतो, थांबला की खातो. छपाईच्या यंत्राचेही तसेच आहे.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नसून कामाचा आहे. समजा, सर्व खर्चासह यंत्र ६ लाखांना पडले आणि ५ वर्षे चालले. म्हणजे दरमहा १० हजार रुपये नुसत्या यंत्राचे झाले. शाई, वीज व मजुरी वजा जाता घरच्या छपाईत चौरस फुटामागे ५ रुपये वाचत असतील, तर महिन्याला २ हजार चौरस फूट काम हवे. ३ बाय १० फुटांच्या पाट्या धरल्या तर अशा ६७ पाट्या! आणि हे केवळ मुद्दल निघण्यापुरते झाले. आपल्या वर्षभराच्या बिलांची बेरीज करून पाहा. आकडा निम्माही भरत नसेल, तर जॉबवर्क चालू ठेवण्यातच शहाणपण आहे.

बेरजेत सणाचा किंवा निवडणुकीचा महिना नमुना म्हणून धरू नये. महाराष्ट्रात २०२२ साली सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. असे काम एका दुकानातून एकदाच मिळते. यंत्राचा हप्ता मात्र दरमहा येतो.

काम पुरेसे असेल तर शाईचा प्रकार ठरवावा. सॉल्व्हंट यंत्र मोठ्या फ्लेक्ससाठी स्वस्त पडते, पण वास उग्र असतो. घराला लागून दुकान असेल तर विचार करावा. इको-सॉल्व्हंट व्हिनाईलसाठी चांगले, वासही कमी. मात्र छापलेला माल लॅमिनेशनपूर्वी निदान २४ तास मोकळा ठेवावा लागतो. घाई केली की थर पुढे सुटतो. एचपी कंपनीने २००८ साली आणलेल्या लेटेक्स प्रकारात माल सुकूनच बाहेर येतो, पण तो उष्णतेवर चालत असल्याने विजेचे बिल वाढते. यूव्ही यंत्र सपाट पत्र्यावर, अॅक्रिलिकवर सरळ छापते. लहान धंद्याची सुरुवात बहुधा इको-सॉल्व्हंटनेच होऊ शकते.

आता पन्ह्याचे बोलू. कापडात पन्हा चुकला की कातरणीत नफा जातो. व्हिनाईलचे रोल साधारणपणे ५ फुटांच्या आतबाहेर असतात. त्यासाठी ६४ इंची यंत्र पुरते. १० फुटी यंत्र फ्लेक्सवाल्याचे. पाटीवाल्याने केवळ रुबाबासाठी ते घेऊ नये. छपाई आणि कटिंग एकाच यंत्रात असणे सोयीचे वाटते. पण कटिंग चालू असताना छपाई थांबते आणि एक भाग बिघडला की दोन्ही कामे बंद. वेगळा प्लॉटर असला तर निदान एक काम चालू राहते.

यंत्राचा जीव त्याच्या हेडमध्ये असतो. हेडची छिद्रे केसाहून बारीक असतात. यंत्र काही दिवस बंद राहिले की त्यांत शाई सुकते. म्हणून रोज नोझल तपासणीचा नमुना काढावा. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड उघडे राहते, यासाठी यूपीएसचा खर्च किमतीतच धरावा. नवे हेड केवढ्याला आणि किती दिवसांत मिळते, तंत्रज्ञ कोणत्या गावाहून येतो, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दुरुस्ती दोनशे मैलांवर असेल तर स्वस्त यंत्रही महाग पडते.

सौद्यापूर्वी आपलीच फाईल आणि आपलेच व्हिनाईल घेऊन जावे. विक्रेत्याचा फुलांचा रंगीत नमुना कोणत्याही यंत्रावर सुंदर दिसतो. आपण एकसारखा राखाडी पट्टा छापावा. आडव्या रेघा उमटतात का ते लगेच कळेल. बारीक मराठी अक्षराची शिरोरेषा आणि उर्दू नस्तालीकचे नुक्ते छापून पाहावेत. फाईल देताना अक्षरांचे आउटलाइन करून द्यावे, नाहीतर फॉन्ट मोडतो. १० फूट लांबी छापून टेपने मोजावी. जुने यंत्र असेल तर रात्रभर बंद ठेवून सकाळी पहिला नमुना आपल्यासमोर काढायला लावावा.

शेवटी मालाविषयी. सपाट पाटीला साधे कॅलेंडर्ड व्हिनाईल चालते. गाडीच्या वळणावर कास्टच हवे. चुकीचे व्हिनाईल आकसून कडा सोडते आणि गिऱ्हाईक दोष कारीगराला देते. लाखोंचे यंत्रही तो दोष झाकू शकत नाही. हे सारे पाहून सौदा केला, तर यंत्र कारीगरासाठी राबेल. नाहीतर कारीगरालाच यंत्रासाठी राबावे लागेल.