हत्तीभर चांदी परत करणारा माणूस

गझनीचा महमूद म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे सोमनाथ उभा राहतो. त्याच महमुदाच्या दरबारात चाळिशी उलटल्यावर संस्कृत शिकायला बसलेला एक पंडित होता, हे मात्र शाळेत एका ओळीत उरकतात. अबू रैहान अल्-बिरूनी.

हा ख्वारिझमचा, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातला. जन्म ९७३ चा. १०१७ साली महमुदानं ते राज्य घेतलं आणि बिरूनीला गझनीला नेलं. मर्जीतला म्हणा किंवा ओलीस म्हणा. मला दुसरा शब्द अधिक खरा वाटतो.

पंजाबात नंदना नावाचा किल्ला आहे, आज पाकिस्तानात. तिथल्या डोंगराची उंची बिरूनीनं मोजली. मग माथ्यावर उभं राहून क्षितिज आडव्या रेषेपेक्षा किती खाली दिसतं, तो कोन घेतला. भरला जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. एवढ्या भांडवलावर त्यानं पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि ती आजच्या आकड्याच्या बरीच जवळ येते! त्याचा 'हात' नेमका केवढा धरायचा, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते असोत.

मला मोह आहे तो त्याच्या हिंदुस्थानावरच्या ग्रंथाचा. बँकेत ऑडिट करताना आमचं एक पथ्य असे: आधी समोरच्याचं म्हणणं जसंच्या तसं नोंदवायचं, शेरा नंतर. बिरूनी नेमकं हेच करतो. हा वादासाठी लिहिलेला ग्रंथ नव्हे, असं तो सुरुवातीलाच बजावतो. मग शेरे येतात, आणि ते बोचतात. या लोकांना आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखं शास्त्र नाही असं वाटतं; त्यांचे पूर्वज एवढे कोत्या मनाचे नव्हते, असं तो म्हणतो. ग्रहणाचं खरं कारण ठाऊक असून राहूपुढे मान तुकवणाऱ्या ब्रह्मगुप्तालाही तो सोडत नाही. पण त्याच लेखणीनं महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली, म्हणून इथली शास्त्रं दूर काश्मीर-काशीकडे गेली, हेही लिहितो. साल १०३०, महमूद त्याच वर्षी वारला. गझनीत राहून हे लिहायला छाती लागते. आपल्यातले कोणी त्याचं पहिलं वाक्य उचलतात, कोणी दुसरं. दोन्ही एकाच माणसाची आहेत, हे सोयीस्कर विसरलं जातं.

पुढे सुलतान मसूदच्या नावानं त्यानं खगोलशास्त्राचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. बक्षीस म्हणून हत्तीभर चांदी आली, ती त्यानं खजिन्यात परत पाठवली, असं सांगतात. (ही नोंद कोणत्या खात्याला टाकली असेल, हा माझा बँकेतला जुना किडा!)

या माणसानं आपलीही दखल घेतली आहे. धारहून दक्षिणेकडे नर्मदेचं खोरं, मग मऱ्हाट देश, तिथून पंचवीस फरसखांवर कोकण आणि समुद्रकाठची त्याची राजधानी 'ताना', म्हणजे आपलं ठाणं. पंजाबापलीकडे आपण गेलो नाही, अशा अर्थाचं तो स्वतःच लिहितो. तेव्हा ही अंतरं त्यानं कुणा वाटसरूला, व्यापाऱ्याला विचारूनच टिपली असणार.