पृथ्वी कां तापते ? एका वादाची हकीकत

१९३८ सालीं लंडन येथें रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढें गाय कॅलेंडर नांवाच्या गृहस्थानें एक निबंध वाचला. कॅलेंडर हा हवामानशास्त्रज्ञ नव्हे; तो वाफेच्या शास्त्रांत निष्णात असा एंजिनिअर. त्याचें म्हणणें असें कीं, दगडी कोळसा व तेल जाळून मनुष्यानें मागील पन्नास वर्षांत सुमारें १५,००० कोटि टन कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, हवेंत सोडला असून, पृथ्वीचें उष्णमान वाढत आहे त्याचें बरेंचसें कारण हेंच आहे.

विचार अगदींच नवा नव्हता. सूर्यप्रकाश हवेंतून सहज खालीं येतो. पण तापलेली जमीन जी अदृश्य उष्णता बाहेर टाकते, तिचा कांहीं भाग हा वायु अडवितो, हें टिंडॉलनें १८५९ सालीं प्रयोगानें दाखविलें होतें. आऱ्हेनियसनें १८९६ मध्यें त्याचें गणितहि मांडलें होतें.

तरीहि सभेंतील तज्ज्ञांस तें पटलें नाहीं. पूर्वीं सिमल्यास हिंदुस्थानच्या हवामानखात्यांत काम केलेले सर जॉर्ज सिम्प्सन यांस वायु व उष्णमान यांची एकाच काळीं झालेली वाढ हा योगायोग वाटला. जास्तीचा वायु समुद्र शोषून घेईल. उष्णता अडविण्यास पाण्याची वाफच पुरेशी आहे, मग या वायूची भर पडून काय होणार, असेहि आक्षेप त्या काळीं घेतले जात. ते प्रामाणिक होते, व त्यांचीं उत्तरें मोजमापानेंच मिळावयाचीं होतीं.

तीं पुढें मिळालीं. समुद्र हा वायु शोषतो खरा, पण पुरेशा वेगानें नाहीं, असें रेव्हेल व स्यूस यांनीं १९५७ मध्यें दाखविलें. १९५८ मध्यें कीलिंगनें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली. तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता, २०२४ मध्यें तो सुमारें ४२४ भरला. हवेच्या वरच्या थरांत वाफ अत्यल्प असल्यानें तेथें या वायूची भर परिणाम करते, हेंहि कळून आलें. राहिला सूर्य. १९७८ पासून उपग्रहांनीं घेतलेल्या मापांत त्याचें तेज वाढत गेल्याचें दिसत नाहीं. शिवाय सूर्य कारण असता तर वरचे थरहि तापले असते. प्रत्यक्षांत खालचा थर तापत आहे व वरचें स्थितांबर थंड होत आहे. वायूच्या वाढीपासून अशाच फरकाची अपेक्षा होती.

२०२१ सालीं आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळानें, मनुष्याच्या कृतीनें पृथ्वी तापली याविषयीं शंका उरली नाहीं, असा निर्वाळा दिला. मग वाद कशाचा ? येथें कॅलेंडरचेंच उदाहरण बोधप्रद आहे. कारण त्यानें बरोबर ओळखलें. पण ही ऊब उत्तरेकडील शेतीस हितकारक होईल, अशी त्याची समजूत होती. कारण कोणतें हा एक प्रश्न, परिणाम काय हा दुसरा, आणि कोळसा कोणीं किती लवकर सोडावा व त्याचा खर्च कोणीं सोसावा हा तिसरा. पहिला मोजमापानें सुटला आहे. तिसरा लोकसभांतूनच सुटावयाचा, व त्यांत ज्याच्या शेतावर पाऊस चुकतो त्याच्याहि शब्दास मोल आहे. तिसऱ्याचें उत्तर अवघड वाटतें म्हणून पहिल्याचें उत्तर नाकारणें, हाच या वादांतील मोठा घोटाळा होय. वक्ता कोणत्या प्रश्नाविषयीं बोलत आहे हें ज्यानें आधीं ओळखलें, त्यास अर्धा वाद समजलाच.