आजीच्या ओव्या आणि डॉसचं व्हर्जन

दिवाळीच्या साफसफाईत मंचरला मामाच्या माळ्यावर एक खोकं सापडलं. आत सात-आठ फ्लॉप्या. नव्वदच्या दशकात मामा कॉम्प्युटर क्लास चालवायचा. एका फ्लॉपीवर पेनाने लिहिलं होतं, ‘आईच्या ओव्या’. मामाची आई म्हणजे माझी आजी, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची. ती आता नाही आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या घरात कुणालाच पूर्ण पाठ नाहीत.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. फाईल उघडली, तर नुसती चित्रविचित्र चिन्हं!

‘‘मामा, ही कशावर टाइप केली होतीस?’’

‘‘डॉस 5 वर. पण मराठी काही डॉसमुळे दिसायचं नाही, कार्डामुळे दिसायचं.’’

मी चक्रावलेच. मग शोधाशोध सुरू केली.

डॉस वाढत गेलं

1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्यासाठी पीसी-डॉस 40 डॉलरला होतं आणि प्रतिस्पर्धी सीपी/एम-86 तब्बल 240 डॉलरला. लोकांनी कुठलं घेतलं असेल, सांगायला नको. पहिल्या डॉसमध्ये फोल्डरसुद्धा नव्हते. फोल्डर आणि हार्डडिस्कची सोय 1983 च्या 2.0 ने आणली. मामाच्या खोक्यातली 1.44 एमबीची फ्लॉपी चालू लागली ती 1987 च्या 3.3 पासून. पुढचं 4.0 जास्त मेमरी खायचं, म्हणून अनेक जण 3.3 वरच थांबले. 1991 च्या 5.0 ने स्वतःचा काही भाग 640 केबीच्या बाहेर हलवून प्रोग्रामना जागा करून दिली. चुकून उडवलेली फाईल परत आणायची कमांडही दिली. मामाला ते का आवडायचं, ते कळलं.

पण ‘अ’ कुठेय?

यातल्या एकाही व्हर्जनला स्वतःहून मराठी येत नव्हतं. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवावं लागे. मग डॉसच्याच प्रोग्राममध्ये देवनागरी उमटायची. अक्षरं साठायची ‘इस्की’ या कोडमध्ये, जो 1991 मध्ये भारतीय मानक झाला.

विंडोज 95 दिसायला कितीतरी देखणं. पण तेव्हाचे बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, तेही प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने. फॉन्ट गेला की मजकूर गेला! युनिकोडमधली देवनागरी आणि मंगल फॉन्ट विंडोज 2000 मध्ये आले, तेव्हा कुठे ही कटकट संपायला लागली.

एक फ्लॉपी उघडली, एक नाही

अवसरीला इंजिनिअरिंग करणाऱ्या मित्राने इस्कीचा तक्ता घेऊन छोटासा प्रोग्राम लिहिला. चिन्हांची अक्षरं झाली. आजीच्या ओव्या स्क्रीनवर आल्या. मामा चष्मा पुसत वाचत बसला.

दुसऱ्या फ्लॉपीवर ‘भाग 2’ लिहिलंय. ती नंतरची, विंडोज 95 वर केलेली. फॉन्ट कुठला होता, मामाला आठवत नाही. जुनी फाईल उघडली कारण तिचा कोड जाहीर होता. नवी अजून अडकलीय.

तुमच्याही घरी असं खोकं असेल, तर फ्लॉपी खराब व्हायच्या आधी तिची कॉपी करून ठेवा. आणि टाइप करणाऱ्याला आजच विचारा, ‘‘फॉन्ट कुठला होता?’’