बेडकाच्या काचघरातली झाडं

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर, पानावर तो पोट टेकून बसतो आणि पोटाखालची, मांड्यांजवळची पातळ कातडी पाणी शोषून घेते. काचपेटीत जे काही साचेल, तेही त्याच वाटेने अंगात जाणार. म्हणूनच पाळीव बेडकाच्या पेटीत प्लास्टिकची पानं खोचलेली पाहिली की मला वाईट वाटतं.

बेडकाच्या मूत्रात युरिया असतो. त्यापासून तयार होणारा अमोनिया कातडीला घातक. मातीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट मुळं खत म्हणून ओढून घेतात. तळाला खडी, वर जाळी, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि वाळलेली पानं अंथरली की पाणी निचरतं. त्या पानांत सोडलेले स्प्रिंगटेल नावाचे इवले जीव बुरशी खातात आणि कधी स्वतःच बेडकाचा घास होतात.

झाडाशी बेडकाचं नातं किती खोल असतं, ते कोस्टा रिका आणि पनामाच्या जंगलात दिसतं. तिथला स्ट्रॉबेरी डार्ट बेडूक जेमतेम 2 सेंटिमीटरचा. मादी आपले बेडूकमासे एकेक करून पाठीवर वाहून नेते आणि अननसाच्या कुळातल्या ब्रोमेलियाड झाडांवर, पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात सोडते. एका बेचक्यात सहसा एकच पिल्लू. पुढचे काही आठवडे ती प्रत्येकाकडे फेऱ्या मारते. आई आली की पिल्लू अंग थरथरवतं आणि ती त्याच्यासाठी न फळलेली अंडी घालते. त्याचं अन्न तेवढंच! म्हणून या बेडकांच्या पेटीत ब्रोमेलियाड हवंच, असं मला वाटतं.

मनी प्लांटही चालतो. अळू खाजरं करणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक त्याच्याही पानांत असतात, पण बेडूक पानं खात नाही. खरी भीती रोपवाटिकेतल्या औषधांची. मुळांवाटे झाडात भिनलेलं कीटकनाशक पानं धुऊन जात नाही. नवं रोप आणलं की जुनी माती पूर्ण झाडावी, मुळं धुवावीत, ते स्वच्छ मातीत लावून काही आठवडे वेगळं वाढवावं. नवी पानं चांगली फुटल्यावरच ते पेटीत न्यावं. तोवर बेडकाला सावलीसाठी करवंटीचा आडोसा पुरतो.