होडीत कुणी नाही, तरी होडी जड!

समजा, तुम्ही फ्रँक राजाच्या मुलखातले कोळी आहात. मध्यरात्री दारावर थाप पडते. अस्पष्ट आवाजात कुणीतरी कामाला बोलावतं. किनाऱ्यावर अनोळखी होड्या तयार असतात. आत कुणीच दिसत नाही, पण भाराने होडी इतकी दबलेली, की पाणी काठाच्या फक्त बोटभर खाली! एरवी एक रात्र आणि एक दिवस खाणारा प्रवास तासाभरात संपतो. पलीकडच्या बेटावर एक आवाज प्रत्येक उतारूचं नाव, वडिलांचं नाव, हुद्दा पुकारतो. परतताना होडी हलकी. तुम्ही मृतांचे आत्मे पोहोचवून आलात. या सेवेबद्दल गावाला कर माफ!

ही हकिकत सहाव्या शतकातल्या प्रोकोपियस या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे. बेटाला तो ‘ब्रिटिया’ म्हणतो आणि ब्रिटनपेक्षा वेगळं समजतो. पण तिथे अँगल लोक राहतात, असंही तोच सांगतो. याच लोकांवरून पुढे इंग्लंड हे नाव पडलं. त्यामुळे बहुतेक अभ्यासकांच्या मते हे ब्रिटनच.

बेटावर एक जुनी लांब भिंत आहे, म्हणे. पूर्वेला उत्तम हवा आणि पिकं. पश्चिमेला नुसते साप, माणूस अर्धा तासही जगत नाही. खरी भिंत सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ च्या सुमारास बांधायला घेतली, सुमारे ११७ किलोमीटरची. ती दक्षिण आणि उत्तर वेगळी करते. प्रोकोपियसकडे पोहोचेपर्यंत दिशाच फिरल्या!

माणूस भोळा नव्हता. सेनापती बेलिसारियसचा सल्लागार म्हणून आफ्रिका आणि इटलीतली युद्धं त्याने स्वतः पाहिली होती. होड्यांची गोष्टही तो स्वप्नांचा खेळ असावा म्हणून बाजूला ठेवतो; पण लिहितो नक्की. आणि हा मुलूख काही परका नव्हता. साडेतीनशेहून जास्त वर्षं तिथे रोमन सत्ता होती. ज्या कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टँटिनोपल वसवलं, त्याला सैन्याने सम्राट घोषित केलं ते इ.स. ३०६ मध्ये, ब्रिटनमधल्याच यॉर्कला. इ.स. ४१० च्या आसपास सत्ता गेली आणि दीडशे वर्षांच्या आत तिथे भुतं राहायला आली.

बरं, बातमी मिळणं अगदीच अशक्य होतं का? फ्रँक राजाने वकिलातीबरोबर काही अँगल माणसं कॉन्स्टँटिनोपलला पाठवली होती, हे प्रोकोपियसच नोंदवतो.

त्याने टिपलेला एक प्रसंग तर भारीच आहे. रोमच्या वेढ्यात, इ.स. ५३७ मध्ये, गॉथ वकील तहासाठी आले आणि उदार होऊन सिसिली देऊ केली. ती तर बेलिसारियसने आधीच जिंकलेली! तो म्हणाला, मग आम्हीही तुम्हाला ब्रिटन देतो; ते सिसिलीपेक्षा कितीतरी मोठं आहे.