याजकाची वस्त्रे आणि आजची उपासना

मंडळी, अंबाजोगाईत बसून कापडाविषयी बोलायचं, तर दासोपंतांची पासोडी ओलांडून पुढं जाता येत नाही. पंचीकरणासारखा अवघड विषय त्यांनी लांबलचक कापडावर लिहून काढला. कापड अंग झाकतं तसंच अर्थही वाहतं, हे या गावाला आम्ही नव्यानं काय सांगणार?

निर्गमाच्या २८ व्या अध्यायात अहरोनाच्या वस्त्रांचं वर्णन आहे. आपले उपदेशक सोनं, जांभळं सूत, मंदिल यांतच रमतात. खरी गोष्ट नावांची आहे. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न, त्यावर सहा-सहा नावं. ऊरपटावर बारा रत्नं, प्रत्येकावर एका वंशाचं नाव. मुख्य याजक पवित्रस्थानी एकटा जातच नाही. लोक खांद्यावर असतात आणि काळजापाशी असतात. झग्याच्या घेराला डाळिंबं आणि सोन्याची घुंगरं. आत गेलेला माणूस बाहेरच्यांना दिसत नाही, पण ऐकू येतो. आणि लेवीयाचा १६ वा अध्याय तर आपण वाचतच नाही म्हणा ना: प्रायश्चित्ताच्या दिवशी, अगदी परमपवित्रस्थानी जाताना, ही सगळी शोभा उतरवून साधी तागाची वस्त्रं घालायची असतात!

ख्रिस्ती याजकाचा पोशाख मात्र थेट अहरोनाकडून आलेला नाही. पहिल्या मंडळ्यांत वेगळा पोशाख नव्हता. आज मिस्सेच्या वेळी फादर वरून जो घोळदार झगा घालतात, तो मुळात रोमन माणसाचा प्रवासातला अंगरखा. लोकांची चाल बदलली, चर्चनं जुनी ठेवली. गूढ अर्थ मागाहून चिकटले. म्हणून ते खोटे ठरतात असं नाही. पण झगा स्वर्गातून शिवून आला, असंही कुणी समजू नये.

आपल्या भागात दोन्ही वळणं आहेत. अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल. तिथं झग्याचं महत्त्व फारसं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात अँग्लिकनही आले आणि झगा न मानणारेही. कॅथलिकांकडे १९६९ मध्ये रोमनं भारतासाठी काही सवलती दिल्या. साधा अंगरखा आणि स्टोलच्या जागी अंगवस्त्र चालेल, हे त्यातच आलं. तेव्हा, वस्त्र बदललं तर उपासना बाटते ही भीती निराधार आहे.

मग झगा सोडूनच द्यावा का? इथं आम्ही थबकतो. मराठवाड्यातल्या आपल्या बहुतेक मंडळ्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या. कुणी काय नेसावं हे जिथं गाव ठरवत होतं, तिथं कपडा ही किरकोळ बाब नव्हती. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला म्हणून सांगितलं, ते उगीच नाही. अशा घरातला मुलगा पांढरा झगा घालून प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभा राहतो, तेव्हा मागं बसलेल्या म्हातारीचे डोळे भरतात. त्याला थाटमाट म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पण तोच झगा नवी उतरंड उभी करू शकतो, हेही पाहतोच आपण. पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच याजक म्हटलंय. दसरा-दिवाळीनंतर वस्तीतल्या जोड्या कोयता घेऊन उसाला जातात, बाकं रिकामी होतात. त्या वेळी पाळकाच्या स्टोलवर कसलं भरतकाम आहे, यापेक्षा प्रार्थनेत त्याच्या तोंडी कुणाकुणाची नावं येतात, ते बघावं. ऊरपट तिथं आहे.

योहानाच्या १३ व्या अध्यायात प्रभू वस्त्रं उतरवून कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो, मग वस्त्रं पुन्हा घालतो. रुमाल सोडल्याचा उल्लेख मात्र तिथं नाही. आम्हाला ही जागा फार आवडते.

उरला प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या चर्चमध्ये टेरीकॉटचा काळा कॅसक घालून पाळकानं घेरी येईपर्यंत उभं राहावं, असं कुठल्याच शास्त्रात नाही. सुती पांढरा अंगरखा घाला, वर स्टोल घ्या. पुरे आहे.