शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी: जगात फक्त सह्याद्रीत, तीही मोजक्याच जागी

जुन्नर : शिवनेरीवर शिवजन्मस्थान बघायला वर्षभर गर्दी असते. पायऱ्या चढताना बाजूच्या उभ्या कड्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. त्याच कड्याच्या कपारीत पावसाळा सरता सरता एक फूल उमलतं. गर्द तांबडं, जवळजवळ काळपट, त्यावर पिवळे ठिपके, पाच पाकळ्यांची चांदणी. आकार म्हणाल तर रुपयाच्या नाण्याएवढा. ही शिंदळ माकुडी. नावातला पहिला शब्द गावाकडे चारचौघांत जपूनच उच्चारतात, पण पुस्तकातही नाव हेच आहे.

भाजी म्हणून खाल्ली जाणारी माकडशिंगी अनेकांना माहीत असेल. तिच्याच कुळातली ही वनस्पती. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर ती जगात कुठेच रानात उगवत नाही. सह्याद्रीतही ठिकाणं मोजकीच आहेत. जुन्नरचा शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, साताऱ्याचा सज्जनगड, महाबळेश्वरचे कडे, अकोले तालुक्यातला रंधा धबधबा आणि महाडकडची शिवथरघळ ही त्यातली ठळक. यातली बरीच ठिकाणं म्हणजे गड-किल्ले आणि देवस्थानं, म्हणजे माणसांची कायमची वर्दळ.

1865 साली मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातले अधिकारी डालझेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्या वेळचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ असं नाव ठेवलं. अलीकडे शास्त्रज्ञ तिला ‘बूसेरोसिया फ्रेरी’ म्हणतात.

कड्यावरच का?

मातीचं नाव नाही, उन्हाळ्यात दगड तव्यासारखा तापतो, अशा जागी ही जगते कशी? तिचं खोड बोटासारखं जाड, हिरवं आणि पाण्याने भरलेलं असतं. पावसाळ्यात त्याला पानं फुटतात. पाऊस संपून कोरडं पडू लागलं की पानं गळतात आणि मग हिरवं खोडच पानाचं काम करतं. तिच्या जवळच्या भाऊबंदांना नावापुरतीच पानं असतात, हिला मात्र चांगली मोठी येतात.

खरं तर कडा तिला आवडतो की बाकीच्या जागा आपणच तिला ठेवल्या नाहीत, हाही प्रश्न आहे. मऊ, रसाळ खोड गुरांना, शेळ्यांना चालतं. त्यामुळे जिथं शेळीचंही तोंड पोचत नाही तिथं किंवा काटेरी निवडुंगाच्या आडोशालाच ती शिल्लक राहिलेली दिसते.

परागीभवन माश्या करतात, म्हणून फुलाचा रंग असा मांसासारखा. शेंगा रुईसारख्या जोडीने येतात आणि बियांना कापसासारखा झुपका असतो. वाऱ्याबरोबर बी उडतं खरं, पण पुन्हा एखाद्या कपारीतच पडलं तर रुजणार. बाकी सगळं वाया.

धोका कुठून?

एकेकाळी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिचं नाव घेतलं जायचं. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या रेड डेटा बुकातही तिची नोंद आहे. गंमत अशी, की फांदी तोडून लावली तर ती कुंडीत सहज जगते. परदेशातल्या हौशी लोकांकडे ती कितीतरी वर्षं आहे. आपल्याकडेही रोपं तयार करून पुन्हा डोंगरावर लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण एकाच फांदीपासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकाच झाडाच्या शंभर नकला. रोग आला तर सगळ्यांना सारखाच. बियांपासून वाढलेली, एकमेकांहून वेगळी झाडं कड्यावरच राहायला हवीत.

त्या कड्याला मोठा धोका आहे वणव्याचा. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये डोंगर पेटवायची सवय अजून गेलेली नाही. आग उताराने वर चढते आणि थेट कड्याच्या पायथ्याला भिडते. दुष्काळ सोसणारं हे खोड आगीपुढे टिकत नाही. दरड कोसळली तर एका रात्रीत अख्खा पुंजका जातो, त्याला इलाज नाही. वणवा मात्र माणसाच्या हातातला आहे.

दुसरा धोका खिशातल्या मोबाईलचा. फोटो जरूर काढा, पण नेमकी कपार कुठली हे लोकेशनसकट ग्रुपवर टाकलं की फांद्या तोडून नेणारेही तिथं पोचतात. वनजमिनीवरून विनापरवाना झाडं उपटणं हा गुन्हा आहे.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावच्या हद्दीत ही वनस्पती दिसली तर तिची नोंद समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करून घेता येते. पुष्कळ गावांत ही वही कपाटातच पडून आहे, ती ग्रामपंचायतीत मागून बघा. डोंगरावर आग दिसली तर वन विभागाचा टोल-फ्री नंबर आहे 1926.